संस्थेच्या बोर्डावर नाव लागलंय? मग काम काय असतं ते बघून घ्या

"तुम्हाला फार काही करायचं नाहीये हो, तीन महिन्यांतून एक मीटिंग असते, तुमच्यासारख्या माणसाचं नाव असलं की संस्थेला जरा वजन येतं." असं सांगूनच बहुतेकांना सामाजिक संस्थेच्या बोर्डावर, म्हणजे संचालक मंडळावर, घेतात, आणि चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं म्हणून आपणही मान डोलवतो. पण कायद्याच्या हिशोबात नुसत्या नावापुरता संचालक असा प्रकारच नाहीये. मीटिंगला आलात तरी जबाबदारी आहे आणि नाही आलात तरी आहे, उलट न येणाऱ्याची बाजू जास्त लंगडी, कारण त्याला उद्या "मी विचारलं होतं, मिनिट्समध्ये बघा" (मिनिट्स म्हणजे मीटिंगची लेखी नोंद) एवढंही म्हणता येत नाही. पगार घेत नाही, स्वतःचा वेळ मोडून येतो, हे सगळं खरं, पण लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा सांभाळायला तुम्ही हो म्हटलंय ना, मग तो कुठे चाललाय ते बघणं आलंच. ट्रस्ट असो, सोसायटी असो की कंपनी, देशोदेशी कायद्याचं नाव बदलतं, बोर्डाकडून अपेक्षा साधारण तीच राहते.

हो म्हणायच्या आधी

आमंत्रण आलं की लगेच हुरळून जाऊ नका, आधी कागद मागा. संस्थेची घटना किंवा बायलॉज (कारभाराचे नियम), मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब, मागच्या वर्षभराच्या मीटिंगांचे मिनिट्स, कोर्टात काही चालू असेल तर त्याची माहिती, आणि संचालकांसाठी इन्शुरन्स आहे का ते. हे द्यायला कुणी कां कूं करत असेल तर तुमचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं. मागच्या एकदोन वर्षांत बोर्ड सोडून गेलेल्या एखाद्याला फोन करा, लोक फोनवर जे बोलतात ते रिपोर्टमध्ये कधीच छापलेलं नसतं. आणि एक प्रश्न तोंडावर विचारून टाका, की माझ्याकडून नक्की काय हवंय, वेळ हवाय, ओळखी हव्यायत, देणगी हवीये की हिशोबावर नजर ठेवायला कुणीतरी हवंय. पुढे जे रुसवेफुगवे होतात त्यातले निम्मे हे आधी न विचारल्यामुळे होतात.

तीन कर्तव्यं, आणि एक जुनी केस

जगभर संचालकाची कर्तव्यं साधारण तीन कप्प्यांत सांगतात. एक म्हणजे काळजी, म्हणजे माहिती घेऊन, कागद वाचून, डोकं जागेवर ठेवून निर्णय करणं. दुसरं निष्ठा, म्हणजे बोर्डाच्या टेबलावर बसल्यावर आपल्या, आपल्या नातेवाइकांच्या, आपल्या धंद्याच्या फायद्याच्या आधी संस्थेचं हित. तिसरं, संस्था ज्या उद्देशासाठी काढलीये त्याला आणि कायद्याला धरून चालणं. ऐकायला सोपं आहे, सगळे मान हलवतात, पण प्रत्यक्षात घसरतं कुठे ते बघायचं असेल तर अमेरिकेतली सिब्ली हॉस्पिटलची केस बघा, वॉशिंग्टनमधली, १९७४ चा निकाल.

हे हॉस्पिटल धर्मादाय होतं आणि पेशंट लोकांच्या वतीने ट्रस्टींवर, म्हणजे तिथल्या बोर्डावरच्या लोकांवर, केस टाकली होती. बाहेर काय आलं, तर १९६० मध्ये बायलॉजनुसार फायनान्स कमिटी आणि इन्व्हेस्टमेंट कमिटी कागदावर तयार झाल्या आणि १९७१ पर्यंत त्या एकदाही बसल्या नाहीत. बरीच वर्षं सगळा कारभार प्रशासक आणि खजिनदार या दोघांच्या हातात होता, बाकीचे ट्रस्टी समोर येईल त्यावर हो म्हणायचे. दरम्यान हॉस्पिटलच्या मोठ्या रकमा बिनव्याजी खात्यांत पडून होत्या आणि त्या कुठल्या बँकांमध्ये, तर ज्यांच्याशी काही ट्रस्टींचे स्वतःचे संबंध होते. कोर्टाने कटकारस्थान सिद्ध झालं नाही असंच म्हटलं, कुणाला पैसे भरायला लावले नाहीत, कुणाला पदावरून काढलंही नाही, पण देखरेख केलीच नाही हा कर्तव्यभंग आहे असं स्पष्ट सांगितलं. शिवाय नवीन येणाऱ्या ट्रस्टींनी हा निकाल वाचलाच पाहिजे असाही आदेश दिला. मला ही केस आवडते ती एवढ्यासाठी की यात कुणी तिजोरी फोडलेली नाही. सगळी भली माणसं, आणि कुणीच बघत नव्हतं.

पैसा: जास्त वेळ इथे घालवा

खूप जण म्हणतात की आपल्याला अकाउंट्समधलं काही कळत नाही, ते खजिनदार बघतील. खजिनदाराने बघायचंच आहे, पण त्यामुळे तुमची सुटका होत नाही, आणि खरं सांगायचं तर जेवढं कळायला हवं तेवढं दोनतीन मीटिंगांत कळतं. तुम्हाला नोंदी करायच्या नाहीयेत, प्रश्न विचारायचेत.

समजा मीटिंगमध्ये सांगितलं की बँकेत १०० शिल्लक आहे. सगळे खूश. आता विचारा, यातले ठराविक कामासाठी आलेले किती? कळतं की ७० एका देणगीदाराने फक्त एका प्रोजेक्टसाठी दिलेत, त्यातून ऑफिसचं भाडं किंवा इतर पगार भागवता येत नाहीत. म्हणजे हाताशी उरले ३०. पुढचा प्रश्न, त्या प्रोजेक्टबाहेरचा महिन्याचा खर्च किती? १५. म्हणजे ही संस्था दोन महिन्यांवर उभी आहे आणि पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांना वाटत होतं की मजेत चाललंय. हे दोन प्रश्न दर मीटिंगला विचारले तरी तुम्ही निम्म्या बोर्डांच्या पुढे गेलात. हाताशी पैसा नसला की ठराविक कामाच्या पैशाला हात घालायचा मोह होतो, "पुढचा हप्ता आला की परत टाकू" म्हणून, आणि तो हप्ता लांबला की देणगीदार, ऑडिटर आणि कायदा तिघंही दारात उभे राहतात.

तिसरा प्रश्न बजेट आणि प्रत्यक्ष खर्च यातल्या फरकाचा, आणि तिथे नुसता आकडा ऐकून गप्प बसू नका, कारण विचारा. चौथा प्रश्न मी स्वतः कधीच सोडत नाही: कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला टॅक्स आणि इतर सरकारी देणी वेळेवर भरली का, चलनं दाखवा. पैशाची चणचण आली की संस्था पहिल्यांदा हेच थकवतात, कारण सरकार लगेच फोन करत नाही. पण हा पैसा संस्थेचा नसतोच, कर्मचाऱ्याचा कापून घेतलेला असतो. अमेरिकेत तर हा कापलेला टॅक्स भरला नाही म्हणून जबाबदार माणसाच्या खिशातून तो वसूल करायची तरतूद आहे. रोजच्या कारभारात नसलेल्या आणि खरंच माहिती नसलेल्या मानद सदस्याला तिथे सवलत आहे, पण माहिती असून गप्प बसलेल्याला ती मिळत नाही.

इंग्लंडमध्ये मुलांसाठी काम करणारी किड्स कंपनी नावाची मोठी संस्था होती, ती ऑगस्ट २०१५ मध्ये बंद पडली. ट्रस्टींना पुढे संचालक व्हायला बंदी घाला म्हणून त्यांच्यावर कोर्टात केस झाली, ती २०२१ मध्ये हायकोर्टाने फेटाळली. म्हणजे प्रामाणिकपणे वागलेल्या, फुकट काम करणाऱ्या लोकांना कोर्टाने सांभाळून घेतलं. पण २०२२ मध्ये तिथल्या चॅरिटी कमिशनने, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, आपला रिपोर्ट दिला त्यात ज्यांचं देणं होतं त्यांचे, म्हणजे स्वतःच्याच लोकांचे आणि टॅक्स खात्याचेही, पैसे वारंवार वेळेवर दिले गेले नाहीत याला गैरव्यवस्थापन म्हटलंच. हातात रिझर्व्ह, म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला पैसा, नसताना काम वाढवत नेलं की असं होतं. तेव्हा रिझर्व्ह किती महिन्यांचा ठेवायचा ते बोर्डाने बसून ठरवा आणि लिहून ठेवा, आकडा संस्थेसंस्थेला वेगळा असेल, पण आकडाच नसणं चालणार नाही.

अजून दोन गोष्टी, पटकन सांगतो. जो माणूस चेक लिहितो किंवा ऑनलाइन पेमेंट टाकतो त्यानेच बँक स्टेटमेंटशी ताळा करू नये, संस्था अगदी छोटी असेल तर ताळा बोर्डातल्या एखाद्याने करावा, तासाभराचं काम आहे. आणि ऑडिटरला वर्षातून एकदा स्टाफ बाहेर पाठवून बोर्डाने एकट्याने भेटावं. "तुम्हाला कशाची काळजी वाटते?" एवढं विचारून गप्प बसा, माणूस बोलतो.

हितसंबंध आले की काय करायचं

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण हितसंबंध आहे म्हटलं की समोरच्याला वाटतं आपल्याला चोर म्हणतायत. तसं नसतं. चार लोकांत वावरणाऱ्या माणसाचे संबंध असणारच, ते लपवले की घोटाळा होतो. समजा संस्थेला ऑफिससाठी जागा हवीये आणि एका सदस्याच्या भावाची जागा रिकामी आहे. बरोबर पद्धत अशी दिसते:

"अध्यक्ष महोदय, पुढच्या विषयात जी जागा आहे ती माझ्या सख्ख्या भावाची आहे, तेव्हा माझा यात हितसंबंध आहे."

"ठीक आहे सर, जागेबद्दल काही माहिती हवी असेल तर आत्ता विचारून घेतो, मग चर्चेला आणि मतदानाला तुम्ही बाहेर थांबा."

मग ते खरोखर बाहेर जातात, खुर्ची मागे सरकवून मोबाइल बघत बसत नाहीत. बाकीचे त्याच भागातल्या तीन जागांचे दर समोर ठेवून बघतात, भावाची जागा खरंच परवडत असेल तर घेतात, नसेल तर नाही. आणि मिनिट्समध्ये येतं: "श्री. अमुक यांनी जागामालक त्यांचे बंधू असल्याचे जाहीर केले व चर्चा आणि मतदानाच्या वेळी ते सभागृहाबाहेर होते. तीन जागांच्या दरांची तुलना करण्यात आली. कोरम (किमान आवश्यक उपस्थिती) पूर्ण होता. ठराव उपस्थित पाच सदस्यांच्या एकमताने मंजूर." झालं. चार ओळी. उद्या कुणी बोट दाखवलं तर या चार ओळी तुम्हाला वाचवतात.

अमेरिकेतल्या टॅक्स कायद्यातही हीच तीन पायऱ्यांची गोष्ट आहे, संबंध नसलेल्या लोकांनी मंजुरी द्यायची, तुलनेला आकडे घ्यायचे आणि वेळच्या वेळी लिहून ठेवायचं. एवढं केलं की व्यवहार वाजवी होता असं आधी धरलं जातं. आणि संस्थेतल्या वजनदार माणसाने वाजवीपेक्षा जास्त फायदा उकळला तर त्या जास्तीच्या रकमेवर त्याला २५ टक्के टॅक्स, वेळेत दुरुस्त केलं नाही तर वर २०० टक्के, आणि माहिती असून ते मंजूर करणाऱ्या पदाधिकाऱ्यालाही १० टक्के लागू शकतो, त्याला कमाल मर्यादा आहे, पण लागतो.

वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांकडून हितसंबंधांचा एक फॉर्म भरून घ्या, कुठे नोकरी, कुठे भागीदारी, घरातलं कोण संस्थेशी व्यवहार करतं. आणि हो, निष्ठेत गुप्तताही आली. बोर्डात कुणाच्या पगाराबद्दल, कुणाच्या तक्रारीबद्दल झालेली चर्चा रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागली की त्या बोर्डात परत कुणी खरं बोलत नाही.

सीईओ आणि स्टाफ

बोर्डाचा थेट कर्मचारी साधारण एकच असतो, कार्यकारी संचालक म्हणा, सीईओ म्हणा. त्याला नेमायचं, त्याचा पगार ठरवायचा, वर्षातून एकदा नीट बसून कामाचा आढावा घ्यायचा आणि वेळ आलीच तर बदलायचं हे बोर्डाचं काम. त्याच्या हाताखालच्या लोकांना परस्पर फोन करून कामं सांगणं हे बोर्डाचं काम नाही, पण ही सवय इतक्या जणांना असते की काय सांगू, विशेषतः रिटायर झालेल्या साहेबांना. बिचाऱ्या कार्यकर्त्याला कळतच नाही की कुणाचं ऐकायचं. संस्था अगदी छोटी असेल, पगारी माणूसच नसेल, तर बोर्डातलेच लोक कामं करतात, ते ठीक, फक्त काम करताना तुम्ही कार्यकर्ते आहात आणि मीटिंगमध्ये संचालक, हे दोन्ही डोक्यात वेगळं ठेवा.

उलट टोकाचा प्रकार म्हणजे संस्थापक. ज्याने संस्था उभी केली त्याच्यापुढे बोर्डाची जीभ उचलत नाही, बोर्डही त्यानेच जमवलेलं असतं, सगळे मित्र. अशा ठिकाणी एखाद्याने तरी "हे का?" विचारलं पाहिजे, आदर ठेवून विचारा पण विचारा. संस्थापक नसेल तेव्हा संस्था कोण चालवणार हा विषय तर अजेंड्यावर आणायला लोक पार घाबरतात, जणू कुणाचं वाईट चिंततोय. आणा तरी.

ज्यांच्यासाठी काम आहे त्यांची सुरक्षितता

लहान मुलं, आपत्तीत सापडलेले लोक, आजारी माणसं यांच्याबरोबर संस्था काम करत असेल तर तक्रार कुठे करायची, ती कोण ऐकणार आणि बोर्डापर्यंत कशी येणार हे बोर्डाने स्वतः बघितलं पाहिजे. हैतीमधल्या २०१० च्या भूकंपानंतर तिथे गेलेल्या ऑक्सफॅम या मदत संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाचं प्रकरण २०१८ मध्ये जगासमोर आलं, संस्थेने २०११ मध्येच आतल्या आत चौकशी केली होती. जून २०१९ मध्ये इंग्लंडच्या चॅरिटी कमिशनने संस्थेला अधिकृत ताकीद दिली. वर्षात किती तक्रारी आल्या हा आकडा बोर्डापुढे आला पाहिजे, आणि तो सतत शून्य असेल तर मी तरी खूश होणार नाही, लोकांना तक्रार करता येतीये का ते आधी तपासेन.

मीटिंग आणि मिनिट्स

कागद मीटिंगच्या आधी आठवडाभर तरी हातात हवेत. मीटिंगमध्येच पन्नास पानं वाटली आणि लगेच "मंजूर?" विचारलं तर सरळ म्हणा की मी वाचलेलं नाही, हा विषय पुढच्या वेळी घ्या. लाजायचं कारण नाही. हजेरीचे नियमही माहिती करून घ्या, भारतात कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या संचालकाने सलग १२ महिने बोर्डाच्या सगळ्याच मीटिंगा चुकवल्या तर त्याचं पद जातं, रजा घेतलेली असली तरीही.

एखादा ठराव पटला नाही तर विरोध तोंडी बोलून थांबू नका, मिनिट्समध्ये नावासकट नोंदवायला सांगा, आणि पुढच्या वेळी मिनिट्स मंजूर करताना ती नोंद खरंच आलीये का बघा, बऱ्याचदा "चर्चेअंती मंजूर" एवढंच आलेलं असतं. मात्र ठराव बहुमताने झाला की बाहेर जाऊन त्याच्याविरुद्ध बोंब मारायची नाही, फारच टोचत असेल तर राजीनामा हा मार्ग आहे. बेकायदा काही असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लेखी कळवणं आणि वकिलाचा सल्ला घेणं आलं.

उद्देशाबद्दल एकच सांगतो. मोठी देणगी दारात येते आणि सोबत एक अट येते, तुमच्या कामात बसत नाही असलं काहीतरी करायची. सगळ्यांचे डोळे चमकतात. त्या वेळी घटनेतलं उद्देशांचं पान काढा आणि मोठ्याने वाचा, बसत असेल तर घ्या, ओढूनताणून बसवायला लागत असेल तर सोडा.

आपल्या अंगावर काय येऊ शकतं

घाबरून जायचं कारण नाही. माहिती घेऊन, प्रामाणिकपणे, संस्थेच्या भल्यासाठी घेतलेला निर्णय पुढे चुकीचा निघाला म्हणून कोर्ट सहसा कुणाला धरत नाही. ऑडिटर, वकील अशा जाणकारांवर विसंबून राहणंही चालतं, फक्त त्यांनी सांगितलेलं उघडउघड पटण्यासारखं नसेल तर पुढे विचारायला हवं. अमेरिकेत १९९७ पासून स्वयंसेवकांना संरक्षण देणारा वेगळा कायदाच आहे, पण घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेल्या गोष्टींना तो लागू नाही. न वाचता सही केलेली कागदपत्रं, स्वतःचा फायदा लपवणं, थकलेल्या सरकारी देण्यांकडे डोळेझाक, वेळेवर न भरलेले रिटर्न, माणसं अडकतात ती यात. अमेरिकेत सलग तीन वर्षं वार्षिक रिटर्न भरलं नाही तर करसवलत आपोआप रद्द होते, कुणी आठवण करून देण्याची वाट बघत नाही. म्हणून सगळ्या तारखांचं एक पान करा, नोंदणी नूतनीकरण, रिटर्न, ऑडिट, इन्शुरन्स, आणि ते दर मीटिंगच्या कागदांत सगळ्यात वर लावा.

बाहेर पडताना

सोडायचं असेल तर लेखी राजीनामा द्या, तारीख टाकून, आणि पोच घ्या. नुसतं यायचं बंद करणं म्हणजे राजीनामा नाही, सरकारी रेकॉर्डवर तुमचं नाव तसंच राहतं आणि पाच वर्षांनी नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. राजीनामा मंजूर झाल्यावर नोंदणी कार्यालयात बदल कळवलाय का ते स्वतः तपासा, बँकेतून सही करण्याचा अधिकार काढायला लावा, इन्शुरन्स तुमच्या काळातल्या कामाला पुढेही लागू राहील का ते विचारून ठेवा. तुमच्या काळात झालेल्या निर्णयांची जबाबदारी सोडल्यावरही राहते, म्हणून आपल्या वेळच्या मिनिट्सची एक प्रत घरी ठेवता येते का ते आधी अध्यक्षांना विचारून घ्या, आणि संस्थेचे बाकीचे कागद, किल्ल्या, लॅपटॉप, पासवर्ड यादी करून परत द्या आणि त्या यादीवर घेणाऱ्याची सही घ्या.